हिपॅटायटिस ‘ए’ : आईचे उसने कवच आणि बाळाचे पहिले वर्ष

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यांच्या नोंदवह्यांत ‘कावीळ’ हा शब्द वारंवार दिसू लागतो. जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारी-शेजारी असतात, एखाद्या ठिकाणी गळती होते, आणि काही आठवड्यांनी एखाद्या वस्तीत किंवा वसतिगृहात डोळे पिवळे झालेले रुग्ण सापडतात. त्यांपैकी बरेच जण हिपॅटायटिस ‘ए’चे असतात. या रुग्णांच्या यादीत शाळकरी मुले असतात, महाविद्यालयीन तरुण असतात, अलीकडे तिशी-चाळिशीतील नोकरदारही असतात. मात्र एक वर्षाच्या आतील तान्हे मूल त्या यादीत क्वचितच आढळते.

याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की तान्ह्या मुलाला हा संसर्ग झाला तरी बहुधा कावीळ दिसत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आईच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती जन्मापूर्वीच बाळाला मिळालेली असतात. भारतात कित्येक पिढ्या जवळपास प्रत्येक बाळ हे कवच घेऊनच जन्माला येत होते. आता मात्र शहरांतील परिस्थिती बदलत आहे. आज आई होणाऱ्या अनेक तरुणींच्या शरीरात ही प्रतिपिंडे नाहीत. साहजिकच त्यांच्या बाळांनाही ती मिळत नाहीत. हा बदल का झाला, त्यात धोका किती आणि या आजाराची लस बाळाला बारा महिन्यांनंतरच का देतात, हे समजून घेणे प्रत्येक पालकाच्या दृष्टीने उपयोगाचे आहे.

विषाणूची ओळख

हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ती निर्माण करणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. त्यांपैकी ‘ए’ आणि ‘ई’ हे दूषित पाणी व अन्नातून पसरतात. ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ यांचा प्रसार प्रामुख्याने रक्त व शरीरद्रवांतून होतो. ‘ए’ विषाणूचे प्रत्यक्ष दर्शन १९७३ मध्ये झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कपिकियन आणि रॉबर्ट पर्सेल या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या विष्ठेच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो शोधून काढला.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न किंवा हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी चार आठवडे लागतात. रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असतो तो कावीळ दिसू लागण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे त्याला स्वतःलाही आजाराची कल्पना नसते तेव्हा. विषाणू चिवट आहे. शरीराबाहेर, अनुकूल परिस्थितीत, तो कित्येक आठवडे टिकतो. पाणी उकळल्याने आणि पुरेशा क्लोरिनने तो निष्क्रिय होतो. हातांवर मात्र अल्कोहोलयुक्त द्रावणापेक्षा साबण व वाहते पाणी यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

दिलासा देणाऱ्या बाबी दोन. हा आजार ‘बी’ किंवा ‘सी’प्रमाणे शरीरात कायमचा ठाण मांडून बसत नाही, आणि एकदा होऊन गेला की आयुष्यभराचे संरक्षण देतो. जगभर या विषाणूचा प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच प्रकार आहे. त्यामुळे पुण्यात मिळालेली प्रतिकारशक्ती न्यूयॉर्कमध्येही तितकीच उपयोगी पडते.

वयाप्रमाणे आजाराचे स्वरूप बदलते, ही या विषाणूची खास गोष्ट होय. सहा वर्षांखालील सुमारे ७० टक्के मुलांमध्ये काहीच लक्षणे दिसत नाहीत. मोठी मुले आणि प्रौढ यांच्यात याच्या नेमके उलट घडते. त्यांच्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते. ताप, उलट्या, अन्नाचा तिटकारा, गडद लघवी आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा थकवा यांनी रुग्ण बेजार होतो. क्वचित यकृत अचानक निकामी होते, आणि ही शक्यता वयाबरोबर वाढत जाते. थोडक्यात, हा संसर्ग जितक्या लहानपणी व्हावा तितका सौम्य आणि जितका उशिरा व्हावा तितका त्रासदायक.

वारेतून मिळणारी शिदोरी

संसर्ग झालेल्या किंवा लस घेतलेल्या व्यक्तीच्या रक्तात विषाणूला ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. त्यांचे प्रकार अनेक असले, तरी येथे दोन महत्त्वाचे. ‘आयजीएम’ हा प्रकार संसर्ग ताजा असताना तयार होतो आणि काही महिन्यांत नाहीसा होतो. ‘आयजीजी’ हा नंतर येतो आणि दीर्घकाळ टिकतो.

गर्भाशयातील बाळाला प्रतिपिंडे मिळतात ती वारेतून, आणि वार त्यांपैकी फक्त आयजीजीलाच वाट देते. वारेच्या पेशींवर आयजीजीला पकडून पलीकडे पोहोचवणारे विशिष्ट ग्राहक रेणू असतात. ही वाहतूक गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास धिम्या गतीने सुरू होते आणि अखेरच्या तीन महिन्यांत वेग घेते. म्हणूनच पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तातील आयजीजीची पातळी जन्मवेळी आईइतकी, कित्येकदा तिच्याहूनही थोडी अधिक असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र ही शिदोरी अर्धीच मिळते.

आईने बाळाला दिलेले हे संरक्षण ‘निष्क्रिय’ या प्रकारात मोडते. बाळाच्या शरीराने ते स्वतः तयार केलेले नसते. ते आयते मिळालेले असते. औषधशास्त्रानेही हीच युक्ती वापरली आहे. जोसेफ स्टोक्स आणि जॉन नीफ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले, की अनेकांच्या रक्तातून वेगळे काढलेले गॅमा ग्लोब्युलिन टोचल्यास संसर्गजन्य कावीळ टाळता येते. लस उपलब्ध होईपर्यंत कित्येक दशके हाच एक उपाय होता. त्याचा परिणाम काही महिनेच टिकत असे; कारण तेही उसनेच संरक्षण.

शिदोरी किती दिवस पुरते?

आयजीजी प्रतिपिंडांचे प्रमाण साधारण तीन ते चार आठवड्यांत निम्मे होते. यावरून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. समजा, जन्मवेळी बाळाच्या रक्तात हिपॅटायटिस ‘ए’विरोधी प्रतिपिंडांची पातळी १० हजार एकक आहे आणि ती दर महिन्याला निम्मी होते. सहा महिन्यांनी ती सुमारे १५६ एककांवर येईल. वर्षाच्या शेवटी ती अडीच एककांच्या आसपास उरेल. संरक्षणासाठी साधारणतः १० ते २० एकक इतकी पातळी पुरेशी मानली जाते. म्हणजे या काल्पनिक बाळाचे कवच नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास गळून पडेल.

प्रत्यक्षात बाळागणिक फरक पडतो. आईची पातळी खूप वरची असेल, तर बाळाच्या रक्तात वर्षभरानंतरही प्रतिपिंडांचा अंश सापडतो. ती जेमतेम असेल, तर काही महिन्यांतच खडखडाट होतो. नैसर्गिक संसर्गातून सामान्यतः लसीपेक्षा अधिक प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे लहानपणी आजार होऊन गेलेल्या आईचे बाळ आणि लस घेतलेल्या आईचे बाळ यांच्या शिदोरीतही फरक असू शकतो. ज्या आईला संसर्गही झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही, तिच्या बाळाची शिदोरी पहिल्या दिवसापासून रिकामी असते.

दिल्लीची साथ, पुण्याची प्रयोगशाळा

भारतीय मातांमध्ये ही प्रतिकारशक्ती पूर्वी किती सार्वत्रिक होती, याचा पुरावा एका जुन्या साथीच्या तपासातून मिळतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत कावीळीची प्रचंड साथ आली. यमुनेतील पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी मिसळले होते. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून पसरलेली म्हणून ती साथ हिपॅटायटिस ‘ए’ची, असे अनेक वर्षे मानले जात होते.

पुढे ‘ए’ विषाणूची रक्तचाचणी उपलब्ध झाली. तेव्हा अमेरिकेतील पर्सेल आणि त्यांचे सहकारी तसेच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद आणि खुर्शीद पावरी यांनी भारतातील साथींमधील जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. रुग्णांना ‘ए’चा ताजा संसर्ग झालेला नव्हता. त्यांच्या रक्तात ‘ए’विरोधी प्रतिपिंडे होती, पण ती जुनी, लहानपणीच्या संसर्गाची. साथ दुसऱ्याच विषाणूची होती. पुढे त्याला हिपॅटायटिस ‘ई’ असे नाव मिळाले.

म्हणजे त्या काळचा प्रौढ भारतीय ‘ए’ विषाणूला केव्हाच तोंड देऊन बसलेला होता. पुण्याच्याच संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी १९८२ आणि १९९२ या वर्षांतील पुण्यातील रक्तनमुन्यांची तुलना केली तेव्हाही हेच दिसले. ‘ए’चा संसर्ग बालपणातच जवळपास सर्वांना होऊन जात होता. आई होण्याच्या वयापर्यंत क्वचितच एखादी स्त्री त्यातून सुटत असे. अशा समाजात बाळाचे आयुष्यही ठरावीक क्रमाने जाई. पहिले काही महिने आईच्या प्रतिपिंडांच्या छायेत, नंतर रांगत्या-चालत्या वयात दूषित पाण्यातून संसर्ग, तोही बहुधा नकळत. त्यानंतर जन्मभराचे संरक्षण. आजार सर्वत्र, पण कावीळ कमी, असे हे विचित्र समीकरण होते.

नळाचे पाणी सुधारले, समीकरण बदलले

पुण्यातील याच अभ्यासाचा पुढचा टप्पा १९९८ पर्यंतच्या नमुन्यांचा होता. त्यात शहरातील सुस्थितीतील वर्गात ‘ए’विरोधी प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे आढळले. ग्रामीण भागात आणि गरीब वस्त्यांत अशी घट नव्हती. कारणे उघड आहेत. पाण्याचे शुद्धीकरण, घरोघरी गाळणी यंत्रे, स्वतंत्र शौचालये, लहान कुटुंबे. या साऱ्यामुळे बालपणी होणारा संसर्ग टळला.

ही प्रगतीच आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. अस्वच्छ पाण्यातून केवळ ‘ए’ विषाणू येत नाही. अतिसार, विषमज्वर, पोलिओ हेही त्याच वाटेने येत आले आहेत. मात्र या प्रगतीचा एक परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. बालपणी संसर्गातून सुटलेली व्यक्ती मोठेपणी सुटेलच असे नाही. घरातील पाणी शुद्ध असले, तरी रस्त्यावरील बर्फाचा गोळा, वसतिगृहाची खाणावळ, लग्नाच्या मांडवातील सरबत यांतून विषाणू गाठतोच. फरक इतकाच, की तो आता तिसऱ्या वर्षी न गाठता पंचविसाव्या वर्षी गाठतो.

मोठ्या संख्येने असे ‘कोरे’ प्रौढ एकत्र असले की काय होते, हे चीनमधील शांघाय शहराने १९८८ मध्ये अनुभवले. दूषित शिंपल्यांमुळे तेथे सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ‘ए’ झाला. त्यांत तरुण प्रौढांचा भरणा मोठा होता. केरळ हे भारतातील आरोग्यनिर्देशांकांत अग्रेसर राज्य. तेथेही २००४-०५ मध्ये कोट्टायम परिसरात ‘ए’ची मोठी साथ आली, आणि २०२४ मध्ये मलप्पुरम व एर्नाकुलम जिल्ह्यांतील साथींत मृत्यूही नोंदले गेले. स्वच्छता वाढली, पण ती शेवटच्या नळापर्यंत पोहोचली नाही, अशा मधल्या टप्प्यातील समाज या विषाणूला सर्वाधिक बळी पडतो. महाराष्ट्रातील शहरे आज याच टप्प्यात आहेत.

या मधल्या टप्प्याची झळ आई आणि बाळ दोघांनाही लागते. आईच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही, म्हणून बाळाला कवच नाही. आणि बाळाला संसर्ग झालाच, तर खरा धोका पुन्हा आईलाच.

हसते-खेळते बाळ, आजारी आई-वडील

हे विधान चमत्कारिक वाटेल, पण त्याला आधार आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फीनिक्स परिसरातील पाळणाघरांचा अभ्यास स्टीफन हॅडलर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. लंगोटात असलेली दोन वर्षांखालील मुले ज्या पाळणाघरांत होती, तेथून हिपॅटायटिस ‘ए’ अधिक पसरत होता. कावीळ मात्र मुलांना होत नव्हती. ती होत होती त्यांच्या आई-वडिलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना. मूल हसते-खेळते, आणि डोळे पिवळे मोठ्यांचे.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातही असे प्रसंग घडले आहेत. रक्त देताना एखाद्या बाळाला संसर्ग झाला, त्याच्यात लक्षण काहीच दिसले नाही, आणि काही आठवड्यांनी परिचारिकांना कावीळ झाल्यावर प्रकार उघडकीस आला. अमेरिकेतील अशाच एका साथीच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक महिने बाहेर पडत असल्याचे दिसले. प्रौढ रुग्णांत हा काळ काही आठवड्यांचाच असतो.

म्हणून बाळाचे दुपटे किंवा डायपर बदलल्यावर साबणाने हात धुणे ही केवळ टापटिपीची गोष्ट नव्हे. तान्ह्या बाळाची शी ‘पवित्र’ किंवा निरुपद्रवी मानण्याची आपल्याकडे रीत आहे. विषाणूला ती रीत ठाऊक नाही.

लस बारा महिन्यांनंतरच का?

हिपॅटायटिस ‘बी’ची लस बाळाला जन्मल्यानंतर चोवीस तासांत दिली जाते. मग ‘ए’च्या लसीसाठी वर्षभर का थांबायचे, असा प्रश्न पालकांना पडतो. याचे उत्तर दोन विषाणूंच्या भिन्न स्वभावांत आहे. ‘बी’चा संसर्ग प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होऊ शकतो, आणि बाळाला झाल्यास तो बहुधा जन्मभर चिकटतो. तेथे एकेक तास मोलाचा असतो. ‘ए’च्या बाबतीत आईकडून बाळाला गर्भावस्थेत संसर्ग होणे अत्यंत विरळ. उलट आईकडून मिळते ते संरक्षण.

आणि हे संरक्षणच लसीच्या आड येते. लसीतील विषाणूचा अंश बाळाच्या प्रतिकारयंत्रणेने ओळखावा आणि स्वतःची प्रतिपिंडे तयार करावीत, ही लसीमागची कल्पना. परंतु आईची प्रतिपिंडे रक्तात असली, तर ती त्या अंशाला आधीच झाकून टाकतात. परिणामी बाळाच्या यंत्रणेला मिळणारा धडा अपुरा राहतो. गोवराची लस आपल्याकडे नऊ महिन्यांपूर्वी नियमितपणे दिली जात नाही, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

हिपॅटायटिस ‘ए’बाबत याचे पुरावे चांगले आहेत. अमेरिकेतील मूळनिवासी समाजातील बाळांना दोन, चार आणि सहा महिने वयात लस देऊन काही वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. आईची प्रतिपिंडे असलेल्या बाळांमध्ये लसीनंतर तयार झालेली पातळी कमी होती, आणि सहा वर्षांनी ती टिकून असलेल्यांची संख्याही कमी होती. अर्थात लस पूर्णतः वाया गेली नव्हती. पुन्हा मात्रा दिल्यावर बहुतेकांच्या शरीराने जुनी ओळख जागवून झपाट्याने प्रतिसाद दिला. अलास्कातील मूळनिवासी मुलांना सहा, बारा आणि पंधरा महिने अशा वेगवेगळ्या वयांत पहिली मात्रा देऊन केलेल्या अभ्यासातही, वयाच्या पहिल्या वर्षानंतर सुरू केलेली लस दीर्घकाळ टिकते, असे दिसले.

अमेरिकेत ही लस १९९५ मध्ये प्रथम मंजूर झाली, ती दोन वर्षांवरील मुलांसाठी. २००५ मध्ये ही वयोमर्यादा बारा महिन्यांवर आणली गेली, आणि २००६ मध्ये तेथे १२ ते २३ महिने वयोगटातील सर्व मुलांना ती देण्याची शिफारस करण्यात आली. अपवाद एकच. परदेश प्रवासाला निघालेल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना एक मात्रा द्यावी, अशी शिफारस २०१८ पासून आहे. मात्र ती नेहमीच्या मात्रांत मोजली जात नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही बाब थेट लागू पडते. सुटीत आजी-आजोबांना भेटायला तान्ह्या बाळासह येणारी आई स्वतः भारतात लहानाची मोठी झालेली असेल, तर तिच्या अंगी प्रतिपिंडे असण्याची शक्यता मोठी. ती तिकडेच जन्मलेली-वाढलेली आणि लस न घेतलेली असेल, तर ती आणि बाळ दोघेही कोरे असू शकतात.

बाळाला न टोचता बाळाचे रक्षण

पहिल्या वर्षात लस नीट लागू पडत नाही आणि आईचे कवचही हमखास नाही, तर मग या वयातील बाळांचे रक्षण कसे व्हावे? याचे उत्तर इस्रायलने दिले. १९९९ मध्ये सर्व मुलांना ‘ए’ची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून देणारा तो जगातील पहिला देश ठरला. मात्रा दिल्या जात होत्या त्या १८ आणि २४ महिन्यांच्या मुलांना. काही वर्षांतच देशातील रुग्णांचे एकूण प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक घटले. विशेष म्हणजे एक वर्षाखालील बाळांमध्येही ते सुमारे ८४ टक्क्यांनी घटले. त्या बाळांना कोणी लस टोचलेली नव्हती. मोठ्यांमध्येही अशीच घट झाली.

याचा अर्थ असा, की समाजात विषाणू फिरवणारी मंडळी म्हणजे ही दुडदुडती मुले. ती सुरक्षित झाली की धाकटे भावंड, आई-वडील आणि आजी-आजोबा हे सारेच आपोआप सुरक्षित होतात. अर्जेंटिनाने २००५ मध्ये आणखी काटकसरीचा मार्ग पत्करला. तेथे बारा महिन्यांच्या सर्व मुलांना एकच मात्रा देण्यात आली, आणि तेथेही रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

भारतात ही लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने मात्र बारा महिन्यांनंतर ती देण्याची शिफारस केली आहे. दोन प्रकारच्या लसी उपलब्ध आहेत. निष्क्रिय विषाणूच्या लसीच्या दोन मात्रा किमान सहा महिन्यांच्या अंतराने देतात. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूच्या लसीची एकच मात्रा देतात. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने जानेवारी २०२४ मध्ये देशात विकसित केलेली निष्क्रिय लस बाजारात आणली. तरीही खर्च पालकांच्याच खिशातून होतो. त्यामुळे ती प्रामुख्याने सुस्थितीतील घरांत पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका येथे मार्गदर्शक आहे. जेथे जवळपास सर्वांना बालपणीच संसर्ग होतो, तेथे सार्वत्रिक लसीकरणाची गरज नाही. जेथे समाज त्या स्थितीतून मधल्या टप्प्याकडे सरकत आहे, तेथे बारा महिन्यांवरील मुलांच्या लसीकरणाचा विचार करावा, असे संघटना सुचवते. भारताची अडचण अशी, की एकाच शहरात दोन्ही स्थिती शेजारी-शेजारी नांदतात. रस्त्याच्या एका बाजूच्या संकुलातील आई ‘कोरी’, तर समोरच्या वस्तीतील आई लहानपणीच संसर्ग होऊन गेलेली. या दोघींची मुले एकाच बागेत खेळतात.

गरोदरपण आणि स्तनपान

गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर ती कोणत्या विषाणूची, हे ताबडतोब तपासणे अत्यावश्यक आहे. हिपॅटायटिस ‘ई’ हा गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण काही साथींत २० टक्क्यांच्या घरात गेलेले आहे. ‘ए’ तितका घातक नाही. तरीही दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत तो झाल्यास वेळेपूर्वी प्रसूतीकळा सुरू होण्याचा धोका असतो. कावीळ ‘उतरवून’ घेणे, गळ्यात माळ घालणे, नाकात थेंब टाकणे यांत दिवस दवडणे गरोदर स्त्रीच्या बाबतीत विशेष धोक्याचे ठरते.

निष्क्रिय विषाणूची लस संसर्गाचा धोका असलेल्या गरोदर स्त्रीला डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. जिवंत विषाणूची लस मात्र गरोदरपणात वर्ज्य आहे.

बाळंतिणीला हिपॅटायटिस ‘ए’ झाला, तर घरातील वडीलधारी मंडळी सर्वप्रथम बाळाचे अंगावरचे दूध तोडतात. त्याची आवश्यकता नाही. हा विषाणू दुधावाटे पसरणारा मानला जात नाही. उलट दुधात बाळाच्या आतड्याला उपयोगी अशी प्रतिपिंडे असतात. आईने शौचानंतर आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत आणि बाळाच्या डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी. दूध तोडून बाटली सुरू केली, तर दूषित पाण्याचा धोका बाळाच्या तोंडाशी आणून ठेवल्यासारखे होते.

गोंधळ टाळावा

जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेक बाळे पिवळी दिसतात. ही नवजात बाळाची कावीळ विषाणूची नव्हे. बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून तयार होणारे बिलिरुबिन हे द्रव्य अपरिपक्व यकृताला पुरेशा वेगाने बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे ती दिसते. तिचा हिपॅटायटिस ‘ए’शी संबंध नाही. मात्र तिचीही तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

दुसरा गोंधळ होतो तो रक्ताच्या अहवालाबाबत. काही महिन्यांच्या बाळाच्या अहवालात ‘ए’विरोधी आयजीजी किंवा एकूण प्रतिपिंडे आढळली, म्हणजे बाळाला आजार झाला असा अर्थ होत नाही. ती बहुधा आईची असतात. आयजीएम वारेतून जात नाही. त्यामुळे ते आढळले, तर संसर्गाची शंका घेऊन बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

पालकांनी लक्षात ठेवावे असे

बाळाला बारा महिने पूर्ण झाल्यावर हिपॅटायटिस ‘ए’च्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारावे. प्रवासासारखे विशेष कारण असल्याशिवाय त्यापूर्वी घाई करू नये.

घरात तान्हे बाळ येणार असेल, तर थोरल्या भावंडाची लस राहून गेली आहे का, हे पाहावे. तान्ह्या बाळाचे ते चांगले संरक्षण आहे.

लहानपणी कावीळ झाल्याचे आठवत नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती नाही असे समजू नये. बालपणीचा संसर्ग बहुधा नकळत होऊन जातो. तरुण स्त्रीला खात्री करून घ्यायची असेल, तर साध्या रक्तचाचणीने ती होते, आणि प्रतिपिंडे नसल्यास गर्भधारणेपूर्वीच लस घेणे सोयीचे.

घरात किंवा पाळणाघरात कोणाला हिपॅटायटिस ‘ए’ झाल्याचे कळल्यास दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांना भेटावे. त्या मुदतीत दिलेली लस, किंवा वर्षाखालील बाळाच्या बाबतीत इम्युनोग्लोब्युलिन, आजार टाळू शकते.

बाळाचे डायपर बदलल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. बाळाला देण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे.

भारतीय आई आजवर आपल्या बाळाला हे कवच न मागता देत आली. त्याची किंमत तिने स्वतः बालपणी दूषित पाणी पिऊन चुकवली होती. ती किंमत यापुढे कोणत्याही मुलीने मोजू नये, हे उघड आहे. मग त्या कवचाची जागा कशाने तरी भरून काढावी लागेल. शेवटच्या नळापर्यंत शुद्ध पाणी आणि वर्षाच्या प्रत्येक मुलाला लस या दोन गोष्टी ते करू शकतात. त्यांपैकी पहिली गोष्ट महापालिकेच्या हाती आहे. दुसरी आज तरी ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोडलेली आहे.